‘नेट नाही, ओळख नाही, तर अर्ज करू नका’ हा सल्ला चुकीचा आहे

एमएस्सीचे निकाल लागले की एक संदेश फिरू लागतो. विद्यापीठातल्या संशोधनाच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, नसेल तर अर्ज करू नका. बायोच्या मुलांना कॉम्प्युटेशनल, म्हणजे संगणकावर डेटा तपासण्याच्या, कामाला कुणी घेत नाही. प्रोजेक्टवर गेलात तर वर्षं वाया. हे वाचून चांगली मुलं अर्जच करत नाहीत, म्हणून हे उत्तर.

नेटचा मुद्दा सहज तपासता येतो. डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या) जुलै 2020 च्या आदेशात प्रोजेक्ट असोसिएट-1 या प्रकल्पावरच्या पदाला दोन दर होते: नेट-गेट असेल तर 31,000 रुपये, नसेल तर 25,000, शिवाय घरभाडे भत्ता. नेट नसलेल्यांचा दर सरकारनेच ठरवलेला असताना त्यांना दारं बंद कशी? जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला) मात्र नेट, गेट किंवा तशी राष्ट्रीय परीक्षा लागतेच. जाहिरातीत पदाचं नाव आधी वाचा.

जागा ठरलेल्या असतात का? काही असतात, हे मान्य. पण प्रकल्पाचा पैसा ठराविक मुदतीचा असतो आणि मुख्य संशोधकाला माणूस लगेच हवा असतो. अनेकदा ‘ठरलेला’ उमेदवार त्याच लॅबमध्ये डिझर्टेशन केलेला असतो, किंवा त्याने आधीच मेल करून मुख्य संशोधकाच्या पेपरविषयी नेमका प्रश्न विचारलेला असतो. याला वशिला म्हणणं त्या मुलांवर अन्याय आहे. तुम्हीही जाहिरातीची वाट न बघता लिहा. मात्र एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका.

बायोच्या मुलांबद्दलचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स केंद्र 1987 पासून आहे. जैविक डेटा संगणकाने तपासण्याचं हे क्षेत्र जीवशास्त्राच्या प्रश्नांतूनच उभं राहिलं. आरएनए-सीक्वेन्सिंगच्या (कोणतं जनुक किती सक्रिय आहे हे मोजण्याच्या पद्धतीच्या) आकड्यांत दिसणारा फरक खरोखर जनुकांचा आहे, की नमुने दोन वेगळ्या दिवशी तयार केल्यामुळे आला आहे, ही शंका प्रयोगाच्या टेबलावर काम केलेल्याला चटकन येते. कोडिंग शिकावं लागेल, त्यात सूट नाही: लिनक्स, आर किंवा पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा, आणि पुरेसं संख्याशास्त्र. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या जिओ या ऑनलाइन संग्रहातला असा जनुकांचा डेटा फुकट मिळतो. एखाद्या छापील पेपरमधली एक आकृती त्यावरून स्वतः पुन्हा काढा, कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवा आणि मेलमध्ये दुवा द्या. मुलाखतीत त्यावरच बोलता येतं.

‘वर्षं वाया’ या भीतीमागे खरं दुःख आहे. स्टायपेंड महिनोन्‌महिने अडकतो, आणि घरून पैसे मागवता न येणारी मुलं त्यामुळे संशोधन सोडतात. हा अन्यायच आहे. म्हणून रुजू होण्याआधी न लाजता विचारा: प्रकल्पाची मुदत किती उरली आहे, या वर्षाचा निधी आला आहे का, पेपरवर नाव कोणत्या कामासाठी येईल, आणि इथे काम करताना पीएचडीची नोंदणी करता येईल का.