‘फॉरमॅट मारा’ हा पहिला उपाय नव्हे

संगणक सुरू होत नसेल तर काय करावे, याविषयीचा एक संदेश पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. हार्ड डिस्क गेली असे समजावे, बटण दाबून यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू करावे, रॅम (तात्पुरत्या मेमरीची पट्टी) खोडरबराने जोरात घासावी, मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल बदलावा आणि तरीही भागले नाही तर सरळ फॉरमॅट मारावा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी, असा त्याचा आशय आहे. यातील काही सल्ल्यांत थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच लोक उरलेल्यांवरही विश्वास ठेवतात.

डिस्क गेली असे समजण्याआधी यंत्र कुठपर्यंत पोहोचते ते पाहिले पाहिजे. बटण दाबल्यावर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) वीजपुरवठा ठीक असल्याची खूण मदरबोर्डला देतो, मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स तपासते, त्यानंतर डिस्कवरील बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) शोधला जातो आणि सर्वांत शेवटी विंडोज सुरू होते. त्यामुळे दिवाच लागत नसेल तर स्पाइक बस्टर, केबल आणि एसएमपीएस तपासावे. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, अशा वेळी संशय बहुधा रॅमवर घ्यावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डला जोडलेली असणे हेही नेहमीचे कारण आहे. कंपनीचे चिन्ह दिसून नंतर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची सूचना आली, तरच डिस्कचा विचार करावा, आणि डेस्कटॉपमध्ये तेव्हाही आधी डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल सैल नाही ना ते पाहावे.

पुनःपुन्हा बंद-चालू करण्याचा उपयोग मर्यादित आहे. लागोपाठ दोन-तीन वेळा सुरुवात अपुरी राहिली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते आणि तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त आवश्यक गोष्टींसह चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाता येते. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक माहिती परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

पुण्याच्या दमट पावसाळ्यात रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसू शकतो, हे खरे आहे. परंतु त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. वीज पूर्ण तोडून रॅम काढून पुन्हा नीट बसवणे बहुतेक वेळा पुरते. फार तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावे.

सेलबद्दल थोडक्यात: हा 3 व्होल्टचा सीआर2032 सेल संपला की प्रामुख्याने तारीख-वेळ चुकते, यंत्र सुरूच न होणे क्वचित घडते.

आता फॉरमॅट. सदाशिव पेठेतील माझ्या परिचयाच्या एका बाईंच्या लॅपटॉपची विंडोज उडाली, तेव्हा एका दुकानदाराने त्यांना न विचारता त्याच दिवशी फॉरमॅट मारून दिला. मुळशी तालुक्यात हिंडून त्यांनी वर्षानुवर्षे टिपलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) होती आणि अशा डिस्कला फॉरमॅटनंतर जुने कप्पे मोकळे झाल्याचे कळवले जाते व ती ते स्वतःच पुसून टाकते, त्यामुळे पुढे कुठलेही सॉफ्टवेअर कामी आले नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली असती किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला असता, तर त्या ओव्या आधी उतरवून घेता आल्या असत्या. याचे मला आजही वाईट वाटते.

विंडोज सुरू होत नाही म्हणजे ती नव्याने टाकावीच लागते, हेही खरे नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले, काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तेव्हाचा उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकणे, एवढाच होता.

पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, किंवा अन्यत्र यंत्र दुरुस्तीला देताना बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवावी, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते. आणि ‘डेटा उतरवून घेतल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे.