एकच पार्सल असेल तेव्हा

आमच्या टीममधली एक ज्युनिअर मुलगी परवा वैतागून म्हणाली, "सर, यांच्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय की ही वेब सर्व्हिस कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेतून वापरता येते. मी वजन भरून पाठवतेय आणि तिकडून उत्तर येतंय, वजन दिलेलं नाही. दोन दिवस झाले." तिचा काही दोष नाही. पण नेमकं कुठे अडतं हे दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

"कुठल्याही भाषेतून" हे आश्वासन जुनं आहे. वेब सर्व्हिस म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडून नेटवर्कवरून काम करून घ्यायची सोय, आणि 'सोप' ही अशा निरोपांची एक ठरलेली पद्धत. सोप १९९८ साली जन्माला आलं आणि २००० साली त्याची १.१ आवृत्ती आली. मध्ये एक्सएमएल (खुणा लावलेला साधा मजकूर) ठेवायचं, कुठली माहिती कशी द्यायची-घ्यायची हा करार डब्ल्यूएसडीएल नावाच्या फाइलमध्ये लिहायचा, मग एका टोकाला जावा आणि दुसऱ्या टोकाला पीएचपी असली तरी बिघडत नाही. ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. करार लेखी असलाच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे: तो करार वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, प्रत्येक भाषेत वेगळी असते आणि प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो.

माझाच अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालवाहतूक कंपनीच्या सर्व्हिसला आमची पीएचपीतली ऑर्डर सिस्टीम जोडायची होती. उत्तरात पार्सलांची यादी यायची. आम्ही तीन-चार पार्सलांच्या ऑर्डरी घेऊन टेस्ट केलं, सगळं बरोबर. लाइव्ह गेल्यावर मात्र काही ऑर्डरींमध्ये भलतीच पार्सलं दिसायला लागली. एक "पार्सल" म्हणजे नुसता नंबर, दुसरं म्हणजे नुसतं वजन, तिसरं म्हणजे पिनकोड. एररचा पत्ता नाही, लॉग स्वच्छ. गोदामातली माणसं फोन करून विचारत होती की ही पार्सलं शोधायची कुठे.

कारण असं निघालं. यादीत दोन किंवा जास्त वस्तू असल्या की पीएचपीचा सोपक्लायंट (सोप सर्व्हिसशी बोलणारा तयार भाग) ॲरे, म्हणजे यादी, देतो. एकच असली तर ॲरे न देता ती वस्तूच ऑब्जेक्ट, म्हणजे फील्डांचा (नंबर, वजन वगैरे रकान्यांचा) एक संच, म्हणून हातात ठेवतो. त्यावर फॉरईच, म्हणजे यादीतली एकेक वस्तू घेणारा लूप, चालवला की तो त्या ऑब्जेक्टच्या एकेका फील्डवरून फिरतो. म्हणजे एका पार्सलचे तुकडे होऊन तेवढी पार्सलं तयार होतात. उपाय एका ओळीचा: क्लायंट बनवताना 'सोप_सिंगल_एलिमेंट_अ‍ॅरेज' हे फीचर चालू करायचं. डब्ल्यूएसडीएलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की हे एलिमेंट (एक्सएमएलमधला एक घटक) कितीही वेळा येऊ शकतं. करारात यादी असताना माझ्या हातात यादीच यायला हवी, आणि तीही न मागता. त्या ओळीपायी आमचे आठवड्याभराचे दिवस गेले आणि गोदामातल्या लोकांना नाहक त्रास झाला, याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या भाषांमध्ये वेगळी दुखणी. जावावाले बराच काळ निवांत होते, कारण डब्ल्यूएसडीएल वाचून कोड तयार करणारं 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' हे टूल जेडीकेमध्येच, म्हणजे जावाच्या मूळ संचातच, यायचं. २०१८ साली जावा ११ मधून ते काढलं, आणि चालणारे प्रोजेक्ट नव्या जावावर नेताना बिल्ड मोडायला लागले. पायथनमध्ये कित्येक जणांनी 'सड्स' ही सोपची लायब्ररी धरली होती, मूळ प्रोजेक्टचं काम थांबलं आणि लोक त्याच्या फोर्कवर, म्हणजे इतरांनी पुढे चालवलेल्या प्रतीवर, गेले. पुढे 'झीप' आलं, ते खरंच चांगलं आहे. गो भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत सोप नाहीच.

कुणी म्हणेल, सोप सोडा, जेसन (माहिती पाठवायचा दुसरा, सुटसुटीत प्रकार) वापरा. वापरतोच. पण तिथेही भाषा आडवी येते. जावाचा ६४ बिटांचा आयडी, म्हणजे खूप मोठा ओळख क्रमांक, जावास्क्रिप्टमध्ये साध्या नंबरात नीट मावत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ पाठवलं तर शेवटचा ३ जाऊन २ होतो, तोही गुपचूप. ट्विटरने २०१० मध्ये आयडीसोबत तोच आयडी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून द्यायला सुरुवात केली ती याचसाठी.

म्हणून सर्व्हिस देणाऱ्या प्रत्येकाकडे माझी कळकळीची मागणी आहे. तुमची सर्व्हिस ज्या भाषेत लिहिलीय ती सोडून आणखी दोन भाषांतून ती स्वतः वापरून बघा. यादी रिकामी असताना बघा, एकच वस्तू असताना बघा, ऐच्छिक फील्ड न भरता बघा. आणि डॉक्युमेंटमध्ये नेटवर्कवरून प्रत्यक्ष गेलेली रिक्वेस्ट आणि आलेला रिस्पॉन्स जशाच्या तशा द्या. नुसता जावाचा नमुना कोड देऊन सी शार्पवाल्याला काय कळणार?

त्या मुलीचं कोडं असं सुटलं. ती सी शार्पमध्ये लिहीत होती. आम्ही तिच्या रिक्वेस्टचं कच्चं एक्सएमएल उघडलं, तर त्यात वजनाचं एलिमेंटच नव्हतं. डॉटनेटचं (सी शार्प ज्यावर चालते त्या प्लॅटफॉर्मचं) जुनं टूल ऐच्छिक आकड्यासाठी तयार केलेल्या कोडमध्ये दोन प्रॉपर्टी, म्हणजे भरायच्या जागा, ठेवतं: एक 'वेट' आणि दुसरी 'वेट-स्पेसिफाइड'. दुसरी ट्रू ('हो') केली नाही तर पहिलीत काहीही भरा, ते बाहेर जातच नाही. तिने ती ओळ टाकली आणि पहिल्या फटक्यात उत्तर आलं. संध्याकाळी तिने ते कच्चं एक्सएमएल जोडून सर्व्हिसवाल्यांना मेल केलाय, की हा नमुना तुमच्या डॉक्युमेंटमध्ये घाला, पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतील.