इमोन्दोचा मान

पश्चिम केनियात काकामेगाजवळच्या एका खेड्यात राहायला निघालो, तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी मला मलेरिया, साप आणि सिंह यांची धास्ती घातली. कोंबडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

हा लुह्या लोकांचा मुलूख. पाहुणा आला आणि कोंबडी कापली नाही, तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि मी अंड्याच्या केकलाही नाक मुरडणाऱ्या घरातला.

"मी मांस खात नाही," म्हटल्यावर घरच्या आजींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता. मग घरची परिस्थिती विचारली. तीही बरी निघाली. दुसऱ्या दिवशी तडजोड म्हणून ओमेना आला. ही व्हिक्टोरिया सरोवरातली बोटाएवढी चंदेरी मासळी उन्हात खडखडीत वाळवतात. आपल्या सुक्या मांदेलीची मावसबहीण म्हणा. ताटात दीडशे तरी डोळे माझ्याकडे बघत होते. "एवढंसं तर आहे, बाळा," आजी म्हणाल्या. म्हणजे आक्षेप आकाराला आहे, अशी त्यांची समजूत.

आग्रह म्हणजे काय ते आपल्यालाच ठाऊक, हा माझा गर्व तिथे पार उतरला. उगाली हे पांढऱ्या मक्याच्या पिठाचं प्रकरण. उकळत्या पाण्यात पीठ वैरायचं आणि म्विकोने, म्हणजे लाकडी उलथन्याने, खांदे भरून येईस्तोवर घोटायचं. मीठ नाही, काही नाही. त्याचा घुमट ताटात पालथा पडला की चिमूट तोडायची, मुठीत वळायची, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. हाताने जेवायची सवय असल्यामुळे इथवर मी पास. पण भाजी होती म्रेंडा! हा पाला शिजला की असा बुळबुळीत होतो की घास तोंडात आणि तार ताटात. ती तार मनगटाच्या एका झटक्यात तोडायची कला घरातल्या चार वर्षांच्या पोराला येत होती. माझा सदरा मात्र रोज धुवावा लागे.

खरा पेच रविवारी पडला. कोंबडी झालीच, आणि तिचा इमोन्दो माझ्या ताटात. इमोन्दो म्हणजे कलेजी-पेट्यातला पेटा, कोंबडीच्या पोटातली दाणे भरडणारी पिशवी. तो घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकापोरांनी त्याच्याकडे बघायचंही नाही अशी जुनी रीत. (ही रीत कोणी पाडली असेल ते सांगायला नको.) तो पाहुण्याला दिला म्हणजे मानाची परमावधी. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. घरचे कर्ते बाबा मात्र इमोन्दोकडे.

"आमच्यात वडीलधाऱ्यांच्या आधी असं काही खात नाहीत," मी ठोकून दिलं आणि ताट बाबांपुढे सरकवलं. त्यांनी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड रिकामं नव्हतं.

त्या दिवसापासून शाकाहाराला त्या पंचक्रोशीत एक खंदा कैवारी मिळाला. बाबा येईल त्याला माझ्या धर्माची थोरवी सांगत आणि माझ्या मानार्थ कोंबडी कापायला लावत. आजींच्या सगळं लक्षात आलं होतं. त्या नुसत्या कोंबड्या मोजायच्या.

निघताना आजींनी पाय बांधलेली एक जिवंत कोंबडी माझ्या हातात ठेवली. भेट नाकारणं म्हणजे घोर अपमान. किसुमू शहराकडे जाणाऱ्या मटाटूत, म्हणजे तिथल्या वडाप गाडीत, ती मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांनी तिची छाती चाचपली, पसंतीची मान हलवली आणि विचारलं, "घरी कर्ता पुरुष कोण?"