हेलिकॉप्टरात माणूस किलोवर मोजतात

४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नेव्ही डे झाला, नौदलाची हेलिकॉप्टरं डोक्यावरून गेली आणि तेव्हापासून आमच्या मालवण तालुक्यात हेलिकॉप्टर न कळणारा माणूस शोधून सापडत नाही. मी सुट्टीवर आलो की पहिला प्रश्न बॉर्डरचा नसतोच, काकी विचारते, "खिडकेकडे बसाक गावता मरे तुका?" आणि बाजूचे आबा, "दोरयेक धरून उतारतंस काय रे?" मी पायदळातला साधा जवान, दोरीबिरी कमांडो लोकांची कामं, आम्हाला वरच्या पोस्टवर पोचवतात ते पिठाच्या पोत्यांसोबत, आणि खरं सांगतो, पोत्याची जास्त काळजी घेतात.

खिडकीचं सांगतो. एमआय सतरा म्हणजे ते मोठं रशियन धूड, त्यात दोन्ही कडांना लांब बाकडी, आपण एकमेकांची तोंडं बघत बसायचं आणि गोल गोल खिडक्या बरोबर पाठीमागे. बघायचंच असेल तर मान मोडून मागे वळा, तेही अंगावर तो जाडजूड कोट, पाठीला पट्टे, मांडीवर शेजाऱ्याची रायफल. समोर काय, तर कांद्याबटाट्याची पोती आणि एक पिवळी जादा टाकी, इंधनाची, आपल्याच डब्यात! तिच्याकडे बघत प्रवास करायचा आणि वर बोर्ड, धूम्रपान करू नका. अरे बाबा, इथे देवाचं नाव घेताना दातावर दात आपटतायत, विडी कोण पेटवणार.

आवाज म्हणजे भजनाच्या डबलबारीतले दोन्ही बुवा पेटी, पखवाज, झांजांसकट तुमच्या एकेका कानात बसल्यासारखा. कापसाचे बोळे घालून काही उपयोग नाही. उतरल्यावर सगळे एकमेकांशी भांडल्यासारखे ओरडून बोलतात, "चाय पियेगा?" सुद्धा असं की समोरचा सावधानमध्ये उभा राहतो.

पण हे सगळं सुख हो, खरा खेळ सियाचेनला. तिथे बेस कॅम्पच बारा हजार फुटांच्या आसपास, त्याच्या वरच्या पोस्टवर बहुतेक वेळा आपल्याच पायांनी जायचं, आणि नशिबात असेल तर चीता. चीता म्हणजे छोटंसं, पुढे काचेचा फुगा, शेपटीला नुसते पाईप. वर हवा इतकी पातळ की पात्यांना रेटायला हवाच नाही आणि इंजिनालाही पुरत नाही, म्हणून पायलट एकेक किलोचा हिशोब करतो. दिल्लीत तुम्ही नाईक असा नाहीतर सुभेदार, हेलिपॅडवर तुम्ही बूटकोटासकट अमुक किलो, बास.

आता आमच्या आईला हे कोण सांगणार. परत निघताना बॅगेत सुके बांगडे, सोडे, कुळथाचं पीठ, आगळाची बाटली, मालवणी खाजा, आणि वरून, "वायच घे, वर गावाचा नाय." वजन करणारा हवालदार पंजाबी, त्याने बॅग उचलली, नाकाशी नेली आणि असा चेहरा केला की बस्स. पुढे सरळ हिशोब, वीस लिटर केरोसीनचा जेरीकॅन जाणार की बांगडे. पोस्टवर केरोसीनशिवाय बर्फसुद्धा वितळत नाही, म्हणजे प्यायचं पाणी नाही, त्यामुळे बांगडे हरले. (त्याच हवालदाराने नंतर ते तव्यावर भाजून खाल्ले, मला निरोप पण पाठवला, और मंगवाओ.)

चढणं ही वेगळीच कसरत. वर चीता इंजिन बंद करत नाही, थंडीत परत सुरू झालं नाही तर तिथेच मुक्काम, म्हणून पाती फिरत असतानाच सगळं उरकायचं. पुढून जायचं, पायलटच्या नजरेसमोरून, कमरेत वाकून, शेपटीकडे चुकूनही नाही कारण मागचं पातं फिरताना दिसतच नाही. उंचावर दहा पावलं पळालं की छातीचा भाता, त्यात पात्याने उडवलेला बर्फ थोबाडावर, आतून खोके बाहेर, बाहेरून आपण आत, दरवाजा धाड, चाललं. पायलट लोकांना मात्र दंडवत! अंगणाएवढ्या बर्फाच्या तुकड्यावर ते टेकवतात, बाजूला सरळ दरी.

आणि त्या दरीच्या कडेला थांबलेलो असताना आमच्या एका सीनियरला ज्ञान पाजळायची हौस. याच जातीच्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरने १९७२ साली १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला, म्हणाला. मला जरा धीर आला. मग म्हणाला, वर पोचल्यावर इंजिन बंद पडलं, तसाच नुसत्या फिरत्या पात्यांवर खाली आणला पायलटने. अरे, हे आत्ता सांगायचं?

सगळ्यात वाईट म्हणजे वाट बघणं. उड्डाणं सकाळी, कारण दिवस वर आला की वारा आणि ढग. गणपतीची सुट्टी मंजूर, मुंबईचे चाकरमानी कोकणकन्येच्या वेटिंग लिस्टवर रडतायत आणि मी रोज पहाटे दाढी करून बॅग घेऊन हेलिपॅडवर, नऊ वाजता वायरलेसवर आवाज, मौसम खराब. परत तंबूत. दुसऱ्या दिवशी परत दाढी. शेवटी एकदाचं आलं आणि पायलटने बोटाने खूण केली, माणूस घेतो, बॅग नाही, वजन जास्त होतंय. बॅग पुढच्या सॉर्टीला, म्हणजे फेरीला. मी चतुर्थीच्या आदल्या रात्री घरी पोचलो, पाचही दिवस आरतीला चुलतभावाचा शर्ट, जो पोटावर बसेना, आणि बॅग बेस कॅम्पला उतरली ती माझी सुट्टी संपल्यावर, आतले कपडे तसेच घडी घातलेले, बिस्किटं मात्र कुणीतरी संपवलेली.