स्ट्रासबर्गचं विद्यापीठ नक्की कुणाचं?

सुन्याने सुरुवातच तावातावाने केली. "आधी तोफा डागून ग्रंथालय जाळायचं, मग त्याच गावात विद्यापीठ काढायचं. याला विद्येची सेवा म्हणायचं?"

स्ट्रासबर्ग आज फ्रान्समध्ये, जर्मनीच्या सीमेवर. ऑगस्ट १८७० मध्ये, फ्रान्स-जर्मनी युद्धात, जर्मन तोफांच्या माऱ्यात तिथलं ग्रंथालय एका रात्रीत खाक झालं. बाराव्या शतकातलं 'होर्तुस देलिसियारुम' हे चित्रांनी भरलेलं हस्तलिखितही त्यात गेलं. फ्रान्स हरला, स्ट्रासबर्गचा अल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि १ मे १८७२ रोजी नव्या साम्राज्याने तिथे विद्यापीठ उघडलं. पुढे त्याला सम्राट विल्हेल्मचंच नाव दिलं.

"हेतू राजकीय होता, कबूल," अप्पा म्हणाले. "पण माणसं बघ ना. बुरशीशास्त्राचा पाया घालणारा दे बारी तिथे. क्ष-किरण शोधणारा राँटगेन तिथे शिकवून गेला. ब्राउनने १८९७ मध्ये कॅथोड किरण नळी तिथेच बनवली. टीव्हीची जुनी पडदानळी त्यातूनच आली. हे सगळं खोटं?"

"खोटं कोण म्हणतंय? पण मोठे प्राध्यापक आणून बसवले ते गाव जर्मन करायला. सुरुवातीला अल्साशियन मुलं तिकडे फारशी फिरकलीही नाहीत. इमारतीवर कोरलंय, विद्येला आणि पितृभूमीला अर्पण. त्या पोरांना विचारलं होतं का, पितृभूमी कोणती?"

इथे ताई मध्ये पडल्या. "तुम्ही दोघंही १८७२ पासून मोजताय. योहान स्टुर्मची शाळा १५३८ ची. १५६६ मध्ये तिची अकादमी झाली, १६२१ मध्ये विद्यापीठ. १७७० मध्ये जर्मन कवी गटे तिथे कायदा शिकायला आला तेव्हा गाव फ्रान्सच्या राज्यात होतं आणि विद्यापीठ ल्युथरपंथी, जर्मन वळणाचं. चाललं होतं की नीट! आणि १९१८ नंतर फ्रान्सने तरी काय वेगळं केलं? जर्मन प्राध्यापकांना हाकललं आणि आपला दिमाख दाखवायला मार्क ब्लोक, लुसियाँ फेव्र यांच्यासारखे इतिहासकार आणले."

ताईंचं म्हणणं मला पटलं, पण पुरतं नाही. दोन्ही राज्यांनी तेच केलं म्हणून दोघांचा हिशेब मिटत नाही. मी १९४३ चा विषय काढला. त्या वर्षी स्ट्रासबर्गच्या नावाची दोन विद्यापीठं एकाच वेळी चालू होती. खरं विद्यापीठ युद्धामुळे १९३९ मध्येच फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला हलवलं होतं. मूळ गावात नाझींनी आपलं उघडलं. तिथल्या शरीररचना विभागाच्या आउगुस्ट हिर्टने सांगाड्यांचा संग्रह करायचा म्हणून आउश्वित्झहून आणलेल्या ८६ ज्यूंना नाट्झवायलर छावणीत विषारी वायूने मारवलं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला जर्मनांनी क्लेरमाँवर छापा घातला, शेकडो लोक पकडले. ग्रीकचे प्राध्यापक पोल कोलोम गोळी लागून गेले. मला विचाराल तर विद्यापीठ कोलोम यांच्या वर्गात होतं. हिर्टकडे फक्त इमारत होती.

कुणी काही बोलेना. मग अप्पाच म्हणाले, "आणि १९४९ मध्ये युरोप परिषदेच्या सल्लागार सभेचं पहिलं अधिवेशन त्याच जर्मनांनी बांधलेल्या इमारतीत भरलं. का भरवलं?"

"इमारत पाडा असं मी कुठे म्हटलं?" सुन्या म्हणाला. "जळालेल्या ग्रंथालयाचा विषय सोडू नका, एवढंच म्हणतोय. आगीनंतर लोकांनी ठिकठिकाणहून पुस्तकं पाठवली म्हणून ते पुन्हा उभं राहिलं. ते श्रेय सम्राटाला देऊ नका."

अप्पांनी ते मान्य केलं. ब्राउनच्या नळीवर मात्र ते ठाम राहिले.