पाण्यातलं कुत्रं

सोलापुरात कुत्रं पाळायचं म्हटलं की लोक कारवानीचं नाव काढतात. लांब तोंड, आत गेलेलं पोट, सशामागं सुटलं की दिसायचं बंद. मेव्हण्याच्या शेतावर तसलंच एक आहे. आमच्या घरी मात्र टॉय पूडल आलं. खांद्यापाशी उंची २६ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीला पुरून उरलं नाही. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, म्हणून नाव शेंगी. कागदावर दीड ओळीचं इंग्रजी नाव आहे, ते फक्त फॉर्म भरताना लागतं.

पहिल्या दिवशी समोरच्या अव्वांनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि विचारलं, "गोर्रे पिल्ला?" तेलुगूत मेंढीचं कोकरू. मी म्हटलं, "नाही अव्वा, कुत्रं आहे." अव्वा "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मूठभर कडवळ घेऊन आल्या.

पूडल हे मुळात पाण्यातलं कुत्रं. जर्मनीकडचं त्याचं नावच पाण्यात डुबुक-डुबुक करण्यावरून पडलेलं. शिकाऱ्यानं पाडलेलं बदक तळ्यातून आणून द्यायचं, हे काम. पोहायला हलकं जावं म्हणून अंग भादरायचं आणि गार पाण्यात सांधे नि छाती गारठू नये म्हणून तेवढ्याच जागी केसांचे गोंडे राखायचे. शोमधल्या पूडलची ती चमत्कारिक कटिंग तिथून आली. हे सगळं ठीक. पण मे महिन्यात ४३ डिग्री आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, अशा गावात हे कुत्रं आणायची बुद्धी हिला कशी झाली, हे मी सिद्धरामेश्वरांना विचारून पाहिलं. पण देवाला चारी बाजूंनी तळं आहे. त्यांना काय कळणार!

विकणारा म्हणाला होता, "काका, याचे केस सोफ्यावर पडत नाहीत." खरं होतं. पडत नाहीत, कारण जागच्या जागी गुंततात. दोन दिवस विंचरलं नाही की कानामागं आणि काखेत जट. त्यामुळं रोज रात्री जेवण झालं की ही एका हातात कंगवा, एका हातात ब्रश घेऊन बसते आणि मी शेंगीचे चार पाय धरतो. सोफ्यावर केस सापडतात ते माझे.

खाण्याचंही तसंच. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, त्यामुळं नाव शेंगी आणि शेंगाचटणी वर्ज्य. मी ताटात चटणी घेतली की ती अशी बघते, जणू मी तिच्या वाट्याची जमीन खातोय. शेवटी कडक भाकरीचा कोरडा तुकडा देऊन तडजोड होते.

तिचा खरा गुण मात्र सहा महिन्यांनी कळला. नळाला पाणी सुटायच्या आधी पाइपातून हवा येते, फुस्स करून. तो आवाज माणसाला ऐकू येत नाही, शेंगीला येतो. पहाटे साडेतीनला ती बाथरूमकडं तोंड करून भुंकते, मी "हंडे काढा" म्हणत उठतो आणि पाच मिनिटांत धार लागते. मग बोळातल्या मोटारी एकेक सुरू होतात. कोकरू म्हणून हसणारी माणसं आता झोपायच्या आधी विचारतात, "काय काका, आज भुंकंल का?"

डिसेंबरात हिनं शेंगीला पुण्याच्या शोमध्ये उतरवायचं ठरवलं. आदल्या रात्री हौदातलं अर्धं पाणी तिच्या आंघोळीला गेलं. (मी तांब्याभरात उरकलं.) पूडलचे केस ड्रायरखाली विंचरत विंचरतच वाळवावे लागतात, तरच सरळ फुलतात. मध्ये थांबलं की वळतात. डावी बाजू फुलली आणि लाइट गेली. मी सोलापुरी टॉवेल घेऊन पुसायला लागलो तर ही ओरडली, "अहो, चोळू नका, टिपा! गुंता होतो!" मग मी तासभर कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं वारा घातला. सकाळी शेंगी डावीकडून पूडल आणि उजवीकडून अव्वांचं कोकरू दिसत होती.

अडीचशे किलोमीटर ती गुमान झोपली. फक्त भिगवणपाशी लांबून उजनीचं पाणी दिसलं तेव्हा उठून भुंकायला लागली. एवढं पाणी एकदम सुटलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

लहान कुत्र्यांची तपासणी टेबलावर होते. परीक्षकांनी दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, मागच्या पायाच्या वाट्या चाचपल्या. या जातीत त्या सरकतात. शेंगी पुतळ्यासारखी उभी. आमच्या हिच्या डोळ्यांत ट्रॉफी दिसायला लागली. इतक्यात मैदानाच्या कडेला माळ्यानं नळीची तोटी फिरवली. फुस्स! शेंगी तिकडं तोंड करून जी सुटली ती थांबेना. ते एक वेळ चाललं असतं. पण पाठोपाठ मी, इस्त्रीच्या शर्टात, भर मैदानात ओरडलो, "हंडे काढा!"

तिघांत तिसरा नंबर आला. भिगवणपर्यंत ही माझ्याशी बोलली नाही.

पुढं उन्हाळ्यानंतर, डॉक्टरांनी गुडघे वगैरे तपासून होकार दिल्यावर, शेंगीचं लग्न लावलं. त्रेसष्ट दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर, शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. एका संध्याकाळी पारा ९९ च्या खाली उतरला, म्हणजे आता चोवीस तासांच्या आत. रात्रभर आम्ही दोघं जुन्या चादरी अंथरून तिच्यापाशी बसलो. पहाटे चारपर्यंत दोन पिल्लं झाली, मुठीत मावतील एवढी. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांची वजनं केली, एका वहीत लिहिली, दोनदा तपासली आणि मग कुणी बघत नाही असं पाहून थोडा रडलो.

सकाळी सातला दार वाजलं. बाहेर निम्मा बोळ, प्रत्येकाच्या हातात रिकामी कळशी. रात्री साडेतीनला पाणी येऊन गेलं होतं. शेंगी भुंकली नव्हती, म्हणून कुणी उठलं नव्हतं.

अव्वा सगळ्यात पुढं, कंबरेवर हात. मी काही न बोलता टोपली दाखवली. त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून दोन्ही पिल्लं नीट पाहिली.

"यातलं भुंकणारं कुठलं?" त्या म्हणाल्या. "तेवढं मला ठेव."