‘समटाइम’ म्हणजे केव्हा?

मिरजेच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दर जूनमध्ये फळ्यावर लिहून द्यायची: ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘शुड’ म्हणजे सल्ला आणि ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. केलंच पाहिजे, सुटका नाही. दोन मार्कांचा हमखास प्रश्न. त्यामुळे मुलाकडे इंग्लंडात रेडिंगला आल्यावर चौथ्याच दिवशी कुंपणापलीकडच्या आजी ‘यू मस्ट कम राउंड फॉर टी समटाइम’ म्हणाल्या, तेव्हा जाणं भागच होतं.

शनिवारी बरोबर चार वाजता इरकल नेसून, डब्यात चकल्या घेऊन मी त्यांचं दार वाजवलं. दार उघडलं तर आजींच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. ओव्हन घासत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे आणि म्हणाल्या, “ओ! हाउ लव्हली!” मग आम्ही पंचवीस मिनिटं पावसावर बोललो. पाऊस त्या दिवशी नव्हता, पण येण्याची शक्यता होती आणि तेवढी शक्यता इथं पंचवीस मिनिटांना पुरते. निघताना त्या म्हणाल्या, “सो काइंड ऑफ यू टु ड्रॉप बाय.” रस्ताभर (म्हणजे अकरा पावलं) मी त्या ‘ड्रॉप बाय’चा विचार करत होते. ‘ड्रॉप बाय’ म्हणजे जाता जाता डोकावणं. मी तर बोलावणं आलं म्हणून गेले होते.

संध्याकाळी मुलानं कपाळाला हात लावला.

“आई, ते आमंत्रण नव्हतं.”

“मस्ट म्हणाल्या त्या. माझ्या कानांनी ऐकलंय.”

“मस्टकडे बघायचंच नसतं. समटाइम म्हणाल्या ना? सगळं त्या समटाइममध्ये आहे. खरंच बोलवायचं असतं तेव्हा वार आणि वेळ सांगतात.”

“मग बोलावलंच कशाला?”

“बोलावलं नाही गं. तुला भेटून बरं वाटलं, एवढंच सांगितलं.”

म्हणजे वाक्याचा सगळा जीव क्रियापदात असतो असं मी हजारो पोरांना शिकवलं आणि इथं तो शेवटच्या क्रियाविशेषणात दडून बसलेला.

पुढच्या आठवड्यात ठेच्याचं झालं. इंडियन दुकानात हिरव्या मिरच्या मिळाल्या. तव्यावर तेल-लसणीत त्या परतल्या, तेव्हा आमच्या घरची तीन माणसं आणि खिडकीबाहेरचं एक मांजर ठसकलं. दुसऱ्या दिवशी आजी कुंपणावरून हसून म्हणाल्या, “तुमच्या किचनमध्ये नेहमी काहीतरी इंटरेस्टिंग चाललेलं असतं.” परमुलखात कुणाला माझ्या हातच्या स्वयंपाकात रस वाटावा! मी त्याच दुपारी वाटीभर ठेचा आणि दोन भाकऱ्या पोचवल्या. दोन दिवसांनी वाटी घासून परत आली, आत एक सुबक कार्ड: ‘हिरव्या सॉसबद्दल आभार. इट वॉज क्वाइट अॅन एक्स्पीरियन्स.’ मी ते कार्ड चुंबक लावून फ्रिजवर चिकटवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवलं. आठवड्याभरानं सुनेनं ते गुपचूप काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. का, ते ती बोलली नाही.

नातवाला लायब्ररीत घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. तो डायनोसॉर बघायचा, मी कपाटं. तिथं एका जाडजूड पुस्तकात मला पॉल ग्राइस भेटले. 1913 साली बर्मिंगहॅमला जन्मलेले तत्त्वज्ञ, ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकवायचे, म्हणजे आमच्या रेडिंगहून रेल्वेनं अर्ध्या तासावर. क्रिकेटचे शौकीन. माणसं बोलतात एक, त्यातून कळतं दुसरं आणि तरी फारसा घोटाळा होत नाही, हे कसं, यावर त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं घालवली. 1967 मध्ये हार्वर्डला त्यावर व्याख्यानं दिली आणि त्याच वर्षी ऑक्सफर्ड सोडून कॅलिफोर्नियात बर्कलीला नोकरी धरली. इंग्रजांचं बोलणं उलगडून दाखवणारा माणूस इंग्लंडात राहिला नाही. यावर मी काही म्हणत नाही.

ग्राइसबुवांचं म्हणणं असं, की बोलणं हे दोघांनी मिळून करायचं काम आहे. मोटार दुरुस्त करताना मी चार स्क्रू मागितले तर तुम्ही चारच द्यावेत, दोन नकोत आणि सहा नकोत. साखर मागितली तर मीठ देऊ नये. केक कालवत असताना माझ्या हातात पुस्तक देऊ नये, मग ते कितीही चांगलं असो. आणि जे करायचं ते मला कळेल असं, वेळेवर करावं. बोलण्याचंही हेच. पुरेसं बोला, खरं बोला, विषयाला धरून बोला, नीट बोला. प्रमाण, खरेपणा, संबंध आणि रीत. ही चार नावं त्यांनी गमतीनं जर्मन तत्त्वज्ञ कांटकडून उसनी घेतली होती.

इथपर्यंत वाचून मी म्हटलं, हे तर आमचे हेडमास्तर दर सोमवारी प्रार्थनेनंतर सांगायचे. खरी मजा पुढं आहे. समोरचा माणूस उघड उघड नियम मोडतो, तरी आपण त्याला वेडा म्हणत नाही. तो अजून आपल्याशी सहकार्यच करतोय असं धरून चालतो आणि अर्थ शोधायला लागतो. ग्राइस उदाहरण देतात: तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी एका विद्यार्थ्याची शिफारस मागितलीय आणि प्राध्यापक लिहितात, ‘याचं इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे आणि हा वर्गाला नियमित हजर असतो.’ बस्स, एवढंच. पोरगं तत्त्वज्ञानात दगड आहे हे कुठंही लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना कळलेलं आहे.

पुस्तक मिटून मी खुर्चीत मागं टेकले. हे पत्र मी लिहिलं होतं! एकदा नाही, शेकडो वेळा. प्रगतिपुस्तकावर ‘हस्ताक्षर वळणदार आहे’ एवढाच शेरा मारून मी किती पोरांना वरच्या वर्गात ढकललं असेल! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक: चांगली’ लिहिताना ज्याच्यामुळं प्रयोगशाळेचं दार बदलावं लागलं त्याचीही वर्तणूक चांगलीच होती.

आणि शाळेचं काय घेऊन बसलात, घरी तर मी ग्राइसच्याही आधी हे सगळं शिकले होते. सासूबाई आमटीचा भुरका मारून फक्त विचारायच्या, “शेवग्याच्या शेंगा फार महाग झाल्यात का गं?” दुसऱ्या दिवशी आमटीत चार शेंगा जास्त पडायच्या. शेंगांच्या भावाचा कधी विषयच नव्हता. आणि ‘लेकी बोले सुने लागे’ याला तर ग्राइसकडे खानाच नाही. त्यांच्या मोटारीशी दोघंच होती. आमच्या स्वयंपाकघरात बोलणारी एक, जिच्याशी बोललं जातं ती दुसरी आणि जिला लागायचं ती तिसरी. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की ‘सूर्य मावळला’ एवढंच म्हटलं तरी गुराखी गुरं आत घेतो, मजूर काम थांबवतो आणि कुणी प्रियकराला भेटायला निघते. बी. ए.ला अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायचा जवळचा अर्थ, व्यंजना म्हणजे आडून सुचवलेला अर्थ, हे सगळं मी घोकलं होतं. मग कुंपणापलीकडचं एक वाक्य मला का कळू नये?

कारण माझा समज असा, की व्यंजना आपली आणि अभिधा त्यांची. इंग्रजी ही अर्ज करायची भाषा. ‘आय बेग टु स्टेट दॅट’ म्हटलं की पुढं जे येईल ते तसंच असणार. टोमणे, रुसवेफुगवे, आडून बोलणं हे मराठीत. इंग्रजीत बोर्डाचं वेळापत्रक. तिला सासूबाई असतील असं मला वाटलंच नव्हतं.

गावोगावचे नियम वेगळे, हेही पुढं वाचलं. एलिनॉर कीनन नावाच्या संशोधिकेनं 1976 मध्ये मादागास्करबद्दल लिहिलंय. तिथं कुणाला विचारलं ‘तुझी आई कुठं आहे?’ तर तो ‘घरी असेल नाहीतर बाजारात’ म्हणेल. आई कुठं आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. माहिती हातची सोडायची नाही, एवढंच. मला हे वाचून माहेरी आल्यासारखं झालं. मिरजेत ‘कुठं निघालात?’ विचारलं तर ‘जरा इथंच’ असं उत्तर मिळतं, मग हातात महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट का असेना.

ऑक्टोबरात घराचा बॉयलर बंद पडला. मुलगा-सून ऑफिसात, मी घरी. दुरुस्तीला आलेला माणूस यंत्राचं झाकण काढून बराच वेळ आत बघत राहिला, मग म्हणाला, “शी इज अ बिट टायर्ड.” काम मोठं आहे का विचारलं, तर म्हणाला, “माइट बी अ बिट ऑफ अ जॉब.” मी मुलाला फोन करून कळवलं, किरकोळ आहे, थोडा थकलाय. संध्याकाळी अंदाजपत्रक आलं: तेवीसशे पाउंड, नवीन बॉयलर.

त्या रात्री मुलानं मला कोरियन युद्धातली गोष्ट सांगितली. 1951 चा एप्रिल, इमजिन नदी. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रोडी यांची माणसं चिनी फौजेच्या लोंढ्यात सापडलेली. वरच्या अमेरिकन जनरलनं परिस्थिती विचारली, तर ब्रोडी म्हणाले, ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.’ इंग्रजानं ऐकलं असतं तर त्याला घाम फुटला असता. अमेरिकनानं ऐकलं आणि त्याला वाटलं, जरा अडचण आहे पण निभावतंय. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर वेढली गेली, पाचशेहून अधिक जण कैद झाले. दोघांची भाषा एकच होती, हे लक्षात घ्या. त्यापुढं आमचे तेवीसशे पाउंड म्हणजे खरोखरच ‘अ बिट’.

यानंतर मला आजार जडला. ऐकलेल्या प्रत्येक वाक्यामागं काय आहे ते मी उकरू लागले. पोस्टमन म्हणाला, “लव्हली रोझेस.” गुलाबच का? प्रमाणाचा नियम म्हणतो, पुरेसं बोला. बागेत गुलाबही आहेत आणि गवतही आहे. गवताबद्दल तो गप्प राहिला, म्हणजे गवत वाढलंय. मी मुलाला रविवारी झोपेतून उठवून गवत कापायला लावलं. लायब्ररीतल्या बाई “टेक युअर टाइम” म्हणाल्या तशी मी लगबगीनं पर्स उचलून बाहेर पडले, नातू आत डायनोसॉरपाशी. दवाखान्यात नर्सनं रक्तदाब बघून “परफेक्टली फाइन” म्हटल्यावर मी दोन रात्री जागून काढल्या. नुसतं ‘फाइन’ पुरलं असतं. ‘परफेक्टली’ कशासाठी?

घरातही सुरू झालं. मुलाला विचारलं, “जेवलास का?” तो म्हणाला, “हो.”

“हो म्हणजे?”

“हो म्हणजे हो, आई.”

ग्राइसनी एक सोय ठेवलेली आहे: आडून सुचवलेला अर्थ बोलणाऱ्याला परत घेता येतो. ‘काही पोरं पास झाली, खरं तर सगळीच झाली,’ असं म्हणता येतं. आमच्याकडंही ‘म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं हं’ आहेच, फक्त ते ऐकलं की आम्हाला खात्री पटते की तसंच म्हणायचं होतं.

डिसेंबरात माझे व्हिसाचे सहा महिने भरत आले. जायच्या आठ-दहा दिवस आधी शेजारच्या आजी स्वतः आल्या, हातात टिनचा गोल डबा. आत फ्रुटकेक. सप्टेंबरात भाजलेला आणि तेव्हापासून दर आठवड्याला ब्रँडी पाजून मुरवलेला. रंग जात्यासारखा, वजनही तेवढंच. मी चहा टाकला. एक तुकडा तोंडात घातला. मनुका, ब्रँडी आणि काहीतरी कडवट असं सगळं मिळून टाळूला चिकटलं आणि हलेना. आजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी तीन महिने त्याला जपलं होतं. खरं बोलावं तर पंचाईत, खोटं बोलावं तर ग्राइस. सून दारात उभी, डोळे मोठे करून.

मी घास गिळला, ओठ पुसले.

“व्हेरी इंटरेस्टिंग,” मी म्हटलं.

आजींनी कप खाली ठेवला. दोन क्षण त्या गप्प होत्या.

“दॅट बॅड?”

आणि मग त्या हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत, चष्मा काढून डोळे पुसत. मलाही आवरेना. सून आत पळाली. हसू ओसरल्यावर आजींनी उरलेला केक डब्यात सरकवला, झाकण लावलं आणि डबा काखेत घेतला. दारापर्यंत गेल्या, वळल्या. पर्समधून छोटी डायरी काढली, पानं चाळली.

“शनिवारी. चार वाजता. जमेल?”

“जमेल.”

“त्या कुरकुरीत चक्रांसारख्या होत्या ना, त्या चालतील,” त्या म्हणाल्या. “तो हिरवा सॉस मात्र आणू नका.”